गेटवर तुम्हीच होतात ना?

तुम्ही विचारलंत म्हणून एकदाचं लिहूनच टाकते. लग्नात, एसटीत, बँकेच्या रांगेत, कुठेही कुणाला कळलं की मी सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक आहे आणि कोविडच्या दोन्ही लाटांत गेटजवळच्या मदत कक्षात होते, की इकडचं तिकडचं होऊन गाडी तिथेच येते. "तुम्ही लोकांना आयसीयूत सोडलं का नाही हो? निदान लांबून तरी दाखवायचं!" विचारणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं कुणीतरी गेलेलं असतं, त्यांच्यापुढे मी गप्प बसते. बाकीचे नुसतेच विचारतात. त्यांच्यावर चिडायची मला मुभा आहे, असं मी धरून चालते.

नावात 'अधीक्षक' असलं तरी आमच्या हातात काही नसतं. जनआरोग्य योजनेची कागदपत्रं गोळा करणं, बेवारस रुग्णाचं घर शोधणं, दारू सोडवायला आलेल्याच्या बायकोशी बोलणं, हे आमचं काम. आत न सोडण्याचा निर्णय माझा नव्हता. हे वाक्य मी इतक्यांदा बोललेय की आता ते खरं असूनही मलाच पटेनासं झालंय.

२०२० च्या एप्रिल-मेमध्ये कारण सरळ होतं. पीपीई किट, म्हणजे अंगभर घालायचा संरक्षक पोशाख, मोजून यायचे. सिस्टर एकदा किट घालून आत गेल्या की पाळी संपेपर्यंत पाणी नाही, बाथरूम नाही. बाहेरच्या माणसाला आत न्यायचं तर त्याला किट घालायला शिकवायचं आणि त्याहून जास्त काढायला शिकवायचं, कारण संसर्गाची खरी भीती किट काढताना. कुणाला वेळ होता? तेव्हा एका बैठकीत मी स्वतः म्हटलं होतं की एकाला सोडलं तर गेट आवरणार नाही. कुणी माझ्या तोंडी घातलेलं वाक्य नव्हतं ते.

पण हेच कारण मी २०२१ च्या एप्रिलमध्येही सांगत होते. १८ एप्रिलला राज्यात एका दिवसात ६८ हजारांवर नवे रुग्ण सापडले, तेव्हाची गोष्ट. आमच्या जनरल कोविड वॉर्डात तेव्हा नातेवाईक होतेच. मामा-मावशी, म्हणजे वॉर्डबॉय आणि आया, पुरत नव्हत्या. पाणी पाजणं, बेडपॅन देणं, पालथं झोपवायला हात लावणं, सिलिंडरचा काटा खाली आला की ओरडत धावणं, सगळं घरचीच माणसं करत होती, तीही साध्या कापडी मास्कवर. आम्हाला ते दिसत होतं, आम्ही बघत नव्हतो. मग खालच्या मजल्यावर जे चालतं ते वरच्या मजल्यावर का नाही? उत्तर माझ्याकडे तयार असे: आयसीयूत बायपॅप आणि हाय फ्लो, म्हणजे घट्ट मास्कमधून किंवा नाकातल्या नळीतून जोराने ऑक्सिजन देणारी यंत्रं, लावलेली, हवेत विषाणू जास्त. उत्तर चूक नव्हतं. फक्त खालच्या मजल्यावर कुणी ते विचारत नव्हतं.

कागदाचं म्हणाल, तर तो पुष्कळसा लोकांच्या बाजूने होता. सर्वोच्च न्यायालयाने १९ जून २०२० लाच सांगितलं होतं की कोविड रुग्णालयाने रुग्णाच्या एका इच्छुक नातेवाइकाला ठरावीक जागेत थांबू द्यावं आणि फोनवरूनही विचारपूस करता येईल असा मदत कक्ष ठेवावा. ठरावीक जागा म्हणजे आवारातली, आयसीयूतली नव्हे, हे मी लोकांना ठासून सांगायचे. आमची ठरावीक जागा म्हणजे सायकल स्टँडची पत्र्याची शेड. २९ जुलै २०२० ला केंद्राने राज्यांना कळवलं की रुग्णांना वॉर्डात मोबाइल वापरू द्या, घरच्यांशी बोलू द्या. आणि मृतदेहाच्या पिशवीची चेन उघडून चेहरा दाखवता येतो, हे तर १५ मार्च २०२० च्या, म्हणजे लॉकडाउनच्याही आधीच्या, मार्गदर्शक सूचनांतच होतं. तरी कितीतरी ठिकाणी पिशव्या बंदच्या बंद गेल्या. परिपत्रक फाइलला लागतं, पिशवीपर्यंत पोचायला माणूस लागतो.

रोज सकाळी अकराच्या सुमारास आयसीयूतून एक कागद यायचा. कॉट नंबर, नाव, ऑक्सिजन कशावर, सॅच्युरेशन म्हणजे रक्तात ऑक्सिजन किती टक्के, शुद्धीत आहे की नाही, शेवटी एखादा शेरा. त्यावरून मी फोन करायचे. रुग्णाला मीही पाहिलेलं नसे. सॅच्युरेशन नव्वद म्हटलं की शेतात राहणारा माणूसही "कालच्यापेक्षा दोननं कमी" असं पटकन म्हणायचा, इतकं तेव्हा सगळ्यांना पाठ झालं होतं. पण फोन ठेवता ठेवता हमखास एकच प्रश्न: "जेवले का?" ते त्या कागदावर नसायचं. "हो, थोडं घेतलं," असं मी कधी ठोकून दिलं नाही असं सांगणार नाही.

आता त्या मावशींचं सांगते. २०२१ चा एप्रिल संपत आलेला. त्यांचे मालक आयसीयूत बायपॅपवर, मुलगा पुण्यात पॉझिटिव्ह होऊन पडलेला. मावशी स्वतः तालुक्याच्या कोविड सेंटरमधून नुकत्याच बऱ्या होऊन आलेल्या. त्या गावी गेल्याच नाहीत, शेडमध्येच राहिल्या. पहिल्या सकाळी कागदावर त्यांच्या मालकांच्या नावापुढे शेरा होता: अस्वस्थ, सहकार्य करत नाहीत, वारंवार मास्क काढतात, हात बांधले आहेत. शेवटचं मी वाचून दाखवत नसे. मावशींना म्हटलं, जरा अस्वस्थ आहेत, मास्क ठेवत नाहीत.

"मग मला सोडा की आत. माझं ऐकत्यात त्ये. आन मला हूनच गेलाय कोरोना, आता काय परत लगी हुतोय व्हय?"

मी नाही म्हटलं. त्या भांडल्या नाहीत, शेडमध्ये जाऊन बसल्या. दुसऱ्या दिवशी कागदावर तोच शेरा. तिसऱ्या दिवशीही तोच. मग मी आतल्या ब्रदरना, म्हणजे पुरुष नर्सना, गळ घालून व्हिडिओ कॉल ठरवला. माझ्याच मोबाइलवर, कारण मावशींचा साधा बटणांचा.

आतला फोन प्लास्टिकच्या पिशवीत असायचा, त्यामुळे चित्र धुरकट. मोठा मास्क, त्याचे पट्टे गालात रुतलेले, मशीनचा फुस्स-फुस्स आवाज, मागे कुठलातरी अलार्म. ब्रदर बिचारे फोन छातीच्या वरच धरायचा प्रयत्न करत होते, पण दुहेरी ग्लोव्हजमधून तो घसरला आणि कॉटच्या दांडीला बँडेजने बांधलेला हात दिसला. मावशींनी तो पाहिला. मला वाटलं, आता आकांत होणार. त्यांनी डोळे बारीक करून पुन्हा चेहऱ्याकडे बघितलं आणि विचारलं, "ह्यांचं कानाचं मशीन कुठाय?"

"कसलं मशीन?"

"आवो, त्येच्याबिगर त्यास्नी कानाशी ढोल बडवला तरी कळत न्हाई. पिशवीत दिलंया की, चष्म्याच्या डबीत."

आयसीयूतल्या रुग्णांच्या पिशव्या माझ्या खुर्चीमागच्या रॅकवर असायच्या, नावाची चिकटपट्टी लावून. आत पाठवायच्या नाहीत, असा नियम होता. आतून अंगठ्या गेल्या, मोबाइल गेले, एका कवळीवरून पोलीस तक्रारीपर्यंत गेलं होतं. उगाच नव्हता नियम. मी पिशवी काढली. टॉवेल, गांधी टोपी, बिस्किटांचे पुडे आणि तळाशी डबी. मावशी खिडकीच्या जाळीतून सांगत होत्या, "मुठीत धरून बघा. शिट्टी वाजली तर सेल जिता हाय." मी ते बोटाच्या पेराएवढं यंत्र मुठीत धरलं. बारीक, चिरकी शिट्टी वाजली.

मामांच्या हाती ते आत गेलं. संध्याकाळी ब्रदरचा फोन आला. "मॅडम, बाबा ऐकतायत. मास्क ठेवा म्हटलं की मान हलवतात. हात सोडलेत." म्हणजे इतके दिवस किटच्या आत, मास्क आणि शील्डच्या मागून, ओठसुद्धा दिसत नसलेली माणसं त्यांच्यावर वाकून काहीतरी करत होती आणि त्यांना काडीचं कळत नव्हतं. आणि आम्ही कागदावर लिहीत होतो, सहकार्य करत नाहीत.

ते वाचले नाहीत. पुढे श्वासासाठी घशातून ट्यूब टाकावी लागली आणि मे लागता लागता गेले. डॉक्टरांनी मावशींना नीट समजावलं की फुप्फुसं फार खराब झाली होती, कानाचं मशीन आधी लावलं असतं तरी फरक पडला नसता. मी १५ मार्चच्या सूचनांची प्रत दाखवून चेन उघडून घेतली, तोंड दाखवलं. जाताना मावशी मला म्हणाल्या, "जगायचं न जगायचं ऱ्हाऊ द्या. पर तीन दिस बांधून का ठिवलंय, एवढं तरी त्यास्नी कळाय पायजे हुतं."

यावर मला अजून बोलता येत नाही. बोलायला गेलं की माझ्यातली कर्मचारी उठून उभी राहते: ते ओळखायला आत घेण्याची काय गरज होती? भरतीच्या वेळी विचारलं असतं तरी पुरलं असतं. बरोबर आहे. पण मावशींना ते सुचलं चेहरा बघून. तीन दिवस मी शेरा सांगत होते आणि त्या "बरं" म्हणत होत्या. काय विचारायचं ते कळायलाही माणूस डोळ्यांपुढे लागतो. जून २०२० मध्ये जळगावच्या सरकारी रुग्णालयातून एक वृद्धा बेपत्ता झाली आणि आठवडाभराने तिथल्याच शौचालयात तिचा मृतदेह सापडला. तेव्हा मी इतरांसारखीच कर्मचाऱ्यांच्या नावाने बोटं मोडली होती. आता वाटतं, आजीचं घरचं कुणी दिवसातून एकदा जरी कॉटपाशी उभं राहिलं असतं, तर "आजी कुठाय?" हे त्याच दिवशी विचारलं गेलं असतं.

आमच्या आयसीयूच्या इनचार्ज सिस्टरना माझं हे अजिबात पटत नाही. त्या आत होत्या, मी बाहेर, हे त्या सुनावतातही. "त्या बाईंना आत घेतलं असतं तर किट चढवायला-उतरवायला माझं एक माणूस गेलं असतं. त्या आठवड्यात रात्रपाळीला माझ्याकडे दोन माणसं होती. मग मास्क कुणाचा धरायचा?" वर त्या हेही ऐकवतात की बाबा गेल्यावर ते कानाचं मशीन शेवटी हरवलंच. तेही खरं आहे. पुढे कोविडने गेलेल्यांच्या घरच्यांना मिळणाऱ्या ५० हजारांच्या सानुग्रह मदतीचा अर्ज भरायला मावशी माझ्याकडेच आल्या, तेव्हा त्यांनी मशीनचं विचारलं आणि मला "शोधतो आहोत" म्हणावं लागलं.

माझ्या आग्रहावरून भरतीच्या फॉर्मवर आता एक ओळ वाढली आहे: चष्मा, कवळी, कानाचं मशीन, घरी कोणत्या नावाने हाक मारतात. रात्रीच्या गर्दीत ती बहुतेक कोरीच येते. सिस्टर फॉर्म माझ्यापुढे सरकवून म्हणतात, भरा तुम्हीच. नातेवाइकांना पुन्हा गाठून मी ती भरते. मशीन आत पाठवायला मात्र त्या अजूनही सही घेतल्याशिवाय तयार नसतात.