क्लब गेले, प्लेयर पुढे गेले

पुण्यात फुटबॉल बघणाऱ्याला एक गोष्ट अंगवळणी पडलेली असते, टीम आवडायला लागली की ती बंद पडते. पुणे एफसी २००७ ला सुरू झाली, २०१२-१३ ला आय-लीगमध्ये (म्हणजे तेव्हाची देशातली मुख्य क्लब लीग) चक्क दुसरी आली, आणि २०१५ नंतर गायब. भारत एफसीचा तर एकच सीझन, २०१५, शेवटचा नंबर आणि टाटा. डीएसके शिवाजियन्स २०१६ ला आय-लीगमध्ये आले, लोणी काळभोरला लिव्हरपूलच्या नावाची अकॅडमी वगैरे थाट, २०१७ ला विषय संपला. राहता राहिली एफसी पुणे सिटी, हृतिक रोशनवाली, २०१४ ते २०१९, तिचंही पैशांचं गणित बिघडलं आणि आयएसएलमधली (इंडियन सुपर लीगमधली) जागा हैदराबादला गेली. बारा वर्षांत चार क्लब. बालेवाडीचं स्टेडियम तेवढं आहे तिथंच आहे.

हे सगळं परत आठवायचं कारण म्हणजे हल्ली घरात एक वाद चालू आहे (भाच्याने परदेशात ट्रायलला जावं का, त्यावर येतो), आणि त्या वादात मला सारखं ऐकावं लागतं की जो फुटबॉलर देशोदेशी फिरतो, दर वर्षी नवीन क्लब, तो म्हणजे कुठेच न टिकलेला माणूस. मी पण पूर्वी असंच समजायचो बहुतेक, पण पुण्यातून बघितलं ना तर हे बरोबर उलटं दिसतं. माणूस टिकलेलाच असतो हो, पंधरा पंधरा वर्षं पोटापाण्यापुरतं खेळत असतो, क्लबच टिकत नाहीत.

उदाहरण घ्या, क्रिस ब्राइट. न्यूझीलंडचा स्ट्रायकर, नॉर्वेत क्रिस्टियानसुंड, इंग्लंडमध्ये श्रूजबरी, हंगेरीत होनव्हेद, असं करत करत २०१५ ला भारत एफसीकडे, म्हणजे पुण्यात. कुणाला आठवतोय का? मला तरी पुण्यात त्याचं नाव काढणारा माणूस अजून भेटला नाहीये. आता यातली गंमत बघा, आय-लीगमध्ये तेव्हा चार परदेशी चालायचे आणि त्यातला एक आशियाई असावा लागायचा. ऑस्ट्रेलिया २००६ पासून आशियात खेळते त्यामुळे ऑस्ट्रेलियनला ती चौथी जागा मिळू शकते, पण शेजारचा न्यूझीलंडवाला ओशनियात मोडतो, त्याला उरलेल्या तीन जागांसाठी ब्राझील, नायजेरिया, स्पेन सगळ्यांशी मारामारी. अफगाणिस्तानच्या टीमचा झोहिब अमिरी डीएसके शिवाजियन्सकडे होता, तो आशियाई जागेत बसणारा. म्हणजे तुम्ही किती भारी खेळता हा नंतरचा प्रश्न, आधी पासपोर्ट कुठला ते सांगा. आणि याचं सगळ्यात मस्त टोक म्हणजे अराता इझुमी, जपानमध्ये जन्मलेला, वडील भारतीय, पुणे एफसीकडे खेळताना त्याने जपानी पासपोर्ट सोडून भारताचं नागरिकत्व घेतलं आणि २०१३ ला भारताकडून खेळला. परदेशी कोट्यातून थेट घरच्यांत! असं फार कमी जणांना जमतं.

माझा सगळ्यात आवडता मात्र इयन ह्यूम. जन्म एडिनबराचा, वाढला कॅनडात, खेळला कॅनडाकडून. इंग्लंडमध्ये ट्रॅनमियर, लेस्टर, मग बार्न्सली. तिथं नोव्हेंबर २००८ मध्ये शेफील्ड युनायटेडच्या क्रिस मॉर्गनचं कोपर डोक्याला लागलं आणि कवटी फ्रॅक्चर, डोक्याचं ऑपरेशन. मॉर्गनला त्याबद्दल फक्त यलो कार्ड. आपल्यासारखा माणूस त्यानंतर जिन्यावरून पण जपून उतरला असता, हा पुढच्या वर्षी परत मैदानात, आणि हेडर पण मारतोय.

मग २०१४ ला केरला ब्लास्टर्स, पहिल्याच आयएसएलचा सर्वोत्तम खेळाडू. फायनलला कोलकात्याकडून हरले, तर पुढच्या वर्षी साहेब त्याच कोलकात्याच्या जर्सीत. २०१६ ची फायनल परत याच दोन टीममध्ये, कोचीमध्ये, म्हणजे आधी ज्यांनी डोक्यावर घेतलं त्यांच्याच समोर, आणि कोलकाता पेनल्टीवर जिंकलं. २०१७ ला पुन्हा केरळ, आणि त्या लोकांनी याला परत घेतलं हो! जानेवारी २०१८ ला दिल्लीविरुद्ध डोक्याला बँडेज बांधून हॅटट्रिक मारली, तेच डोकं. मग गुडघा गेला, आणि बरा होऊन आला तो आमच्या एफसी पुणे सिटीकडे. तेव्हा वय पस्तिशीचं, वेग गेलेला, पण बॉल गेला की मागे धावत परत यायचा. सोबतचे विशी-बाविशीतले आपले प्लेयर चालत यायचे, हे मी स्वतः बघितलंय आणि स्टँडमध्ये बसून शिव्या पण घातल्यात.

एक सांगायचं राहिलं, त्या बार्न्सलीत ह्यूमबरोबर बॉबी हॅसेल नावाचा डिफेंडर होता, दहा वर्षं त्या एकाच क्लबला काढलेला माणूस. तो पण पुण्यात येऊन गेला, भारत एफसीकडे. इंग्लंडमधल्या एका छोट्या गावातले दोन जोडीदार दोन वेगवेगळ्या वर्षी दोन वेगवेगळ्या क्लबांकडून एकाच बालेवाडीत खेळले आणि आज ते दोन्ही क्लब नाहीत. हॅसेलसारखा एके ठिकाणी मुरलेला आणि ह्यूमसारखा भटक्या, शेवटी दोघांचा रस्ता इथूनच गेला की.

लोक अर्थातच यांच्यासाठी यायचे नाहीत, लोक आले फ्रान्सच्या त्रेझेगेसाठी. २००० च्या युरो फायनलला गोल्डन गोल (जादा वेळेतला, मारला की मॅच तिथंच संपते असा गोल) मारणारा माणूस पुण्यात म्हटल्यावर मी पण गेलोच की. पण खरं सांगू का, मार्की प्लेयर, म्हणजे नावासाठी आणलेला मोठा स्टार, हा प्रकार मला कधी फारसा पटला नाही. आयडुर गुडयॉन्सन, चेल्सी बार्सिलोना खेळलेला, २०१६ ला साइन केला, सीझन सुरू व्हायच्या आधीच जखमी, एकही मॅच नाही. त्याच्या करियरच्या यादीत पुण्यापुढे शून्य आहे.

आता पैसे आणि कागद, हा भाग कुणी बघत नाही. पहिला आयएसएल सीझन १२ ऑक्टोबर ते २० डिसेंबर होता, अडीच महिने पण नाहीत. बाणेरला फ्लॅट भाड्याने लावून देणारा माझा एक मित्र तेव्हा म्हणाला होता, अरे आपला भाडेकरू पण अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट करतो, यांचं त्याहून कमी! डिसेंबर संपला की जानेवारीत नवीन देश शोधा, तिकडची ट्रान्सफर विंडो (नवीन खेळाडू नोंदवायची मुदत) उघडी आहे का बघा, इंटरनॅशनल ट्रान्सफर सर्टिफिकेट, म्हणजे देश बदलताना लागणारा कागद, वेळेत निघालं नाही तर बेंचवर पण बसता येत नाही. त्यात फिफाचा नियम, एका सीझनमध्ये जास्तीत जास्त तीन क्लबांकडे नोंदणी आणि साधारण दोनांकडूनच ऑफिशियल मॅच. बायको-मुलं कुठे ठेवायची, शाळा कुठली, हे तर कुठल्याच कॉन्ट्रॅक्टमध्ये नसतं.

आणि पगार? फिफप्रो म्हणजे प्लेयर्सची जागतिक युनियन, त्यांनी २०१६ ला ५४ देशांतल्या जवळपास १४ हजार खेळाडूंना विचारलं होतं, त्यातल्या ४१ टक्के लोकांचा पगार मागच्या दोन सीझनमध्ये कधी ना कधी उशिरा झाला होता आणि ४५ टक्क्यांहून जास्त लोकांना महिन्याला १००० डॉलरपेक्षा कमी मिळत होते. रोनाल्डो मेस्सी बघून आपल्याला हे खरं वाटत नाही. २०१८ पासून एक बरं झालंय, क्लबने दोन महिन्यांचे पगार थकवले तर १५ दिवसांची लेखी नोटीस देऊन खेळाडूला कॉन्ट्रॅक्ट मोडून निघता येतं, त्याची चूक धरत नाहीत. म्हणजे क्लब सोडणारा हा फिरतीवर असतो असं नाही, कित्येकदा तो फक्त थकलेल्या पगाराला कंटाळलेला असतो. आणि हे फक्त परदेशी लोकांचं नाही, २०२५ ला आयएसएलचं पुढचं काही ठरेना तेव्हा बेंगळुरू एफसीने अख्ख्या फर्स्ट टीमचे पगार थांबवले होते, सुनील छेत्रीच्या टीमचे!

तर घरातला वाद. माझा भाचा, १९ वर्षांचा, लेफ्ट बॅक, पुण्यातच खेळतो. त्याला एका एजंटने गाठलंय, पूर्व युरोपात ट्रायल, दोन आठवडे, राहणं-खाणं धरून अमुक इतके लाख भरा. ताई म्हणते सोन्याच्या बांगड्या कशासाठी आहेत, भाऊजी म्हणतात इंजिनियरिंग पूर्ण कर, आणि दोघं मिळून माझ्याकडे बघतात कारण घरात फुटबॉलचं खूळ मीच आणलं.

माझं म्हणणं एवढंच की जायला ना नाही. गुरप्रीत सिंग संधू नॉर्वेत स्टाबेकला गेला, आधी नुसता बसून राहिला, पण २०१६ ला युरोपा लीग या युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेच्या क्वालिफायिंगमध्ये खेळला, तसं खेळणारा पहिला भारतीय. बसून राहायची तयारी असेल तर जा. पण ट्रायलसाठी खेळाडूने लाखो रुपये भरायचे हे काय आहे? ज्या क्लबला प्लेयर हवा असतो तो स्वतः पत्र पाठवतो. एजंटला आता फिफाचं लायसन्स लागतं, परीक्षा देऊन मिळतं, आणि लायसन्सवाल्यांची नावं फिफाच्या साइटवर बघता येतात. मी ताईसमोर बसून या साहेबांचं नाव शोधलं, नाही सापडलं. फोन करून विचारलं तर म्हणाले प्रोसेसमध्ये आहे.

मग भाच्याला म्हटलं, ते क्लबचं पत्र आण, त्यात पगार कुणी द्यायचा, तिकीट कुणाचं, आणि पाय मोडला तर ऑपरेशन कुणाच्या पैशाने हे तीन मुद्दे लिहिलेले असू देत, पुढचं मी भाऊजींशी बोलतो. तो म्हणाला, मामा तू पण ना. बांगड्या सध्या लॉकरमध्ये आहेत, एजंटचे फोन चालू आहेत, आणि भाचा रोज सकाळी ग्राउंडवर जातोय, फक्त त्याचे क्रॉस (बाजूने गोलसमोर मारायचे बॉल) अजून गोलच्या मागे जातात आणि ते नॉर्वेत जाऊन पण मागेच जातील असं मी त्याला सांगितल्यापासून तो माझ्याशी बोलत नाहीये.