तुम्ही विचारलंत म्हणून: त्या गर्दीत मी कशी राहते

मे महिन्यात माहेरी गेले की हा प्रश्न ठरलेला. देवरुखपासून थोडं आत आमची वाडी. संध्याकाळी पडवीत कोणी फणसाचे गरे काढत असतं, कोणी सुपारी कातरत असतं, आणि कोणीतरी विचारतंच, "त्या मुंबईत तुम्ही राहता तरी कशा?" वहिनी त्याच्या पुढे जाते. "वन्सं, तिथं म्हणे शेजारी कोण राहतं ते माहीत नसतं. माणूस मेला तरी कोणाला पत्ता लागत नाही." पुण्याला स्थायिक झालेल्या मैत्रिणी हेच विचारतात, परदेशातला मावसभाऊही हेच विचारतो. हल्ली तर पुष्कळ जण विचारत नाहीत, सांगूनच टाकतात. खुराड्यात राहता, माणुसकी उरलेली नाही, एवढा त्रास आहे तर सोडून का येत नाही?

इतकी वर्षं मी "होते सवय" म्हणून विषय मिटवत आले. ते काही खरं उत्तर नव्हतं. म्हणून एकदा नीट सांगते.

1993 साली लग्न होऊन मी लालबागला आले. दहा बाय बाराची खोली, माणसं सहा. सासरे गिरणीत होते. 18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यांतले असंख्य पुन्हा आत गेलेच नाहीत. सासरेही त्यांतलेच. पुढे ते एका इमारतीत रात्रपाळीचे वॉचमन झाले. सासूबाई चार जणांचे डबे करायच्या. मी आले तेव्हा संपाला दहा वर्षं होऊन गेली होती, तरी घरात भोंग्याच्या वेळेवरच चहा व्हायचा.

चाळीचं आज फार कौतुक होतं. सगळी दारं उघडी, एकाच्या घरचं कालवण चार घरांत. ते सगळं खरं आहे, पण मला त्याचं तेवढं कौतुक नाही. कारण ती चाळ म्हणजे आमचं गावच होतं. गिरणगावात तशी रीतच होती, एका गावची माणसं एका खोलीत, आजूबाजूच्या तालुक्यातली एका मजल्यावर. त्यामुळे गावातले डोळेही सोबतच आले होते. नवी सून गॅलरीत किती वेळ उभी राहिली, नळावर कोणाशी बोलली, माहेरून पत्र आलं का, अजून दिवस का गेले नाहीत, हे मजल्यावरच्या प्रत्येकाला ठाऊक असायचं. मला ताप आला तर तीन घरांतून पेज यायची. आणि मी एक दिवस पंजाबी ड्रेस घातला तर तीन घरांतून निरोप यायचा. दोन्ही एकाच हातून येत होतं, त्यामुळे एकीला हो आणि दुसरीला नाही म्हणायची सोय नव्हती.

2001 मध्ये आम्ही डोंबिवलीला दोन खोल्यांचा ब्लॉक घेतला. मला तोवर फोर्टातल्या एका कचेरीत नोकरी लागली होती. पहिल्या दिवशी दार लावून घेतलं आणि दार लावल्याबद्दल कोणी काही विचारलं नाही. मी तिथेच, लादीवर, बराच वेळ नुसती बसून राहिले. एकटेपणाने नव्हे. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे कोणी बघत नव्हतं.

वहिनी ज्याला कोणी कोणाला ओळखत नाही म्हणते ना, ते मला त्या दिवशी मिळालं. ते दुःख आहे असं तिला वाटतं. मला ते सुख वाटतं, आणि हे मी पडवीत बसून सांगू शकत नाही.

मग माणुसकीचं काय, हा पुढचा प्रश्न. त्यासाठी 2011 च्या मार्चमधली एक सकाळ सांगते.

डोंबिवलीहून फास्ट लोकल, लेडीज डबा, मी चौथ्या सीटवर अर्धी टेकलेली. आमच्या डब्यात नावं फारशी माहीत नसतात. बसलेल्या बाईला उभी असलेली विचारते, "कुठे उतरणार?" आणि ती जे सांगते तेच तिचं नाव होऊन बसतं. समोरची रोजची बाई माझ्यासाठी घाटकोपर होती आणि मी तिच्यासाठी सीएसटी. दोन वर्षं आम्ही एकमेकींच्या पिशव्या मांडीवर घेत होतो, दसऱ्याच्या आधी डब्याला तोरण बांधायला वर्गणी काढत होतो. ती कुठल्या गावची, कोणाची कोण, मला काही माहीत नव्हतं.

दिवा गेलं आणि दादाचा फोन आला. "आप्पांना..." एवढंच ऐकू आलं आणि गाडी पारसिकच्या बोगद्यात शिरली. तेव्हा फास्ट गाड्या त्या जुन्या बोगद्यातूनच जायच्या, एक किलोमीटरहून लांब आहे तो. फोन तुटला. डब्यातले दिवे, खिडकीबाहेर काळोख, चाकांचा घुमणारा आवाज, आणि हातातला फोन दाबत बसलेली मी. मिनीटभराचंच अंतर आहे. बाहेर उजेड आला तसा फोन पुन्हा वाजला. आप्पा पहाटे परसात पडले होते, देवरुखच्या दवाखान्यात नेलं होतं, लगेच निघ.

मी काय बोलले ते मला आठवत नाही. घाटकोपरने माझ्या हातातून फोन घेतला, दादाशी बोलली, कुठली एसटी पकडायची ते विचारून घेतलं. तोवर दाराजवळच्या बायकांनी वाट केली होती. ठाण्याला उतरणं म्हणजे काय असतं ते ज्याने केलंय त्यालाच कळेल, आधीच दाराशी उभं नसलं तर उतरता येत नाही. मला अक्षरशः हातोहात पुढे सरकवलं. आणि ती माझ्यासोबत उतरली. तिला त्या दिवशी लेट मार्क लागला असणार. रिक्षाने खोपटच्या एसटी स्टँडवर नेलं. माझ्या पर्समध्ये सव्वाशे रुपये होते, तर तिने पाचशेची नोट दिली, पाण्याची बाटली आणि बिस्किटाचा पुडा दिला, आणि गाडी सुटेपर्यंत खिडकीखाली उभी राहिली. एवढ्या वेळात तिने मला एकही प्रश्न विचारला नाही. किती वय, काय आजार, भाऊ काय करतो, शेती कोणाच्या नावावर, काही नाही.

मी पोचले तेव्हा आप्पा गेले होते.

सतराव्या दिवशी मी कामावर परत आले. पाचशे रुपये तिच्या हातात ठेवले. तिने "राहू दे गं" म्हटलं नाही. नोट घेतली, घडी घातली, पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली, आणि माझी पिशवी मांडीवर घेतली. तिच्या त्या पैसे घेण्याचं मला आजही बरं वाटतं. गावाकडे आम्हाला कोणी मदत केली तर ती पुढे वीस वर्षं आमच्यावर राहते. लग्नात मान कोणाला, मताला कोणाच्या मागे, भावकीच्या भांडणात कोणाची बाजू, तिथपर्यंत ती येते. घाटकोपरने माझ्यावर काही ठेवलं नाही. पुढे वर्षभराने तिची बदली झाली आणि ती आमच्या गाडीला दिसेनाशी झाली. तिचं नाव मला कळलं नाही ते नाहीच.

तेव्हा शहरात कोणी कोणाचं नसतं असं कोणी म्हणालं की मला राग येतो. आम्ही एकमेकींचे कोण आहोत हे आधी ठरवून घेत नाही, एवढाच काय तो फरक आहे.

कचेरीत माझ्या शेजारी एक मराठवाड्यातली सहकारी बसायची. एकदा डबा खाताना मी गावच्या माणुसकीबद्दल काहीतरी बोलून गेले. ती शांतपणे म्हणाली, "ताई, आमच्या गावात मला पाणी वरून ओतायचे. इथे लोकलमध्ये मला कोण चिकटून उभं आहे आणि मी कोणाला, कोण बघतं?" माझा घास हातातच राहिला. मी जिथे पडवीची आठवण काढत होते, तिथे तिच्या आठवणीत पडवीबाहेरचं अंगण होतं.

परळच्या बीआयटी चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1912 ते 1934 राहिले. लालबागहून चालत जाण्याइतकं ते जवळ आहे. रोज शेकडो माणसं तिथून जातात, मीही कितीदा गेले. पण 4 नोव्हेंबर 1948 च्या घटना समितीतल्या त्यांच्या भाषणात त्यांनी खेड्याला संकुचितपणाचं आणि अज्ञानाचं घर म्हटलं होतं, ते मी डबा खातानाच्या त्या बोलण्यानंतर शोधून वाचलं. माझं गाव मला प्रिय आहे. तरी त्यांचं म्हणणं मला खोडता येत नाही. आणि शहरात जात संपली असंही मी म्हणणार नाही. डोंबिवलीत भाड्याने जागा शोधताना आडनाव विचारतात, मासे खाता का विचारतात. त्या सहकारीला तीन ठिकाणी नकार आला होता. लोकलमध्ये जे सुटतं ते सोसायटीच्या गेटवर पुन्हा पकडतं.

म्हणजे इथे सगळं छान आहे, असं माझं म्हणणं नाही. लोकलच्या मार्गावर वर्षाला दोन हजारांहून जास्त माणसं जीव गमावतात, रूळ ओलांडताना, दारातून पडून. दिवा ते मुंब्रा या टप्प्यात दाराला लटकलेली मुलं बघितली की मी डोळे मिटून घेते. ठाणे ते दिवा पाचवी आणि सहावी मार्गिका 2008 मध्ये मंजूर झाली आणि फेब्रुवारी 2022 मध्ये सुरू झाली. एवढ्या वर्षांत माझ्या शेजारणीचा मुलगा शाळेत जाऊन, बारावी होऊन, त्याच गाडीला लटकायला लागला. आमच्या एमआयडीसीजवळचा रस्ता 2020 मध्ये रसायनांनी गुलाबी झाला होता, तो मी माझ्या डोळ्यांनी पाहिलाय. संकटात मुंबईकर कसे उठून कामाला लागतात याचं कौतुक करणारेही मला नकोसे होतात. दुसऱ्या दिवशी आम्ही कामावर जातो, कारण त्या दिवसाचा पगार कापला जातो. आमची कीव करणारे आणि आमचं कौतुक करणारे, दोघांच्याही बोलण्यात मार्गिकेच्या त्या चौदा वर्षांचा हिशोब कोणी मागत नाही.

आणखी एक गोष्ट आहे, ती मला सगळ्यांत जास्त टोचते. पावसाळ्याच्या तोंडावर डोंबिवली स्टेशनबाहेर आदिवासी बाया रानभाज्या घेऊन बसतात. शेवळं, कंटोळी, टाकळा. त्यातली एक शहापूरच्या आतल्या पाड्यावरची. दरवर्षी माझ्यासाठी शेवळं बाजूला ठेवते, सोबत काकडंही देते, घशाला खाजू नये म्हणून. मागे एकदा मी सहज विचारलं, "पाऊस कसा आहे तुमच्याकडे?" ती म्हणाली, "पाऊस लई. पाणी नाय. एप्रिलपासून टँकर." तानसा, भातसा, वैतरणा, मुंबईला पाणी देणारी ही मोठी धरणं तिच्याच मुलखात आहेत. तानसाचं पाणी तर 1892 पासून मुंबईला येतंय. लालबागच्या नळाखाली मी आठ वर्षं पहाटे चार वाजता हंडे लावले आणि पाणी कमी येतं म्हणून भांडले. ते पाणी कोणाच्या दारावरून येतं हे मला तेव्हा माहीत नव्हतं. शहराला नावं ठेवायची असतील तर ही ठेवा. मी खाली मान घालून ऐकेन. पण खुराड्यात राहता म्हणून हसणाऱ्यांच्या तोंडून मी हे कधी ऐकलेलं नाही.

सोडून का येत नाही? आमच्या वाडीत एकवीस घरं आहेत, त्यांतली तेरा गणपतीला आणि शिमग्याला उघडतात. बाकी वर्षभर कुलूप. त्या कुलपांच्या किल्ल्या लालबागला, नालासोपाऱ्याला, दिव्याला, डोंबिवलीला आहेत. आप्पांनी आमच्या घरावर कौलं घातली ती काकांच्या मनिऑर्डरवर, आणि काका गिरणीत होते. दादाच्या मुलीच्या इंजिनिअरिंगची पहिल्या वर्षाची फी माझ्या पगारातून गेली. मी येऊन तिथे करू काय, हे मला कोणी सांगत नाही. आणि दुसरं, मनातलं सांगते, मला यायचं नाही. मी इथली आहे. गर्दीवर, खड्ड्यांवर, पाण्यावर मी तक्रार करते ती घरातल्या माणसाने घरातल्या गळतीवर करावी तशी.

त्याच भाचीला गेल्या वर्षी ठाण्यात नोकरी लागली. वहिनी आठ दिवस रडत होती. "वन्सं, तुमच्या जिवावर पाठवतेय," म्हणाली. जूनमध्ये भाची आली. पहिल्या दिवशी मी तिला घेऊन निघाले. पदर खोच, ओढणी पिन कर, पाठीवरची बॅग पुढे घे, सोन्याची चेन आत टाक. गाडी आली तशी आम्ही आत ढकलल्या गेलो आणि ती माझ्यापासून चार बायका लांब गेली. मला फक्त तिची वेणी दिसत होती. तिच्या शेजारच्या बाईने विचारलं, "कुठली तू?"

कुठे उतरणार, असं त्या बाईला म्हणायचं होतं. भाचीने गावच्या सवयीने सगळं सांगितलं. नाव, आडनाव, गाव, तालुका, आत्या डोंबिवलीला असते तीही.

"अगं, स्टेशन सांग," बाई म्हणाली.

"ठाणे."

"मग पुढे हो. बॅग इकडे दे. मी उतरतेय, माझ्या पाठोपाठ ये."