मायचं घड्याळ आणि सिमकार्डाचा फेरा

स्मृतिभ्रंशाच्या माणसाला जीपीएसचं घड्याळ बांधा, असा सल्ला देणारे पुष्कळ भेटले. त्या घड्याळात सिम कुठलं घालायचं आणि कोणाच्या नावावर घ्यायचं, हे मात्र एकानेही सांगितलं नाही. माझा सगळा वैताग त्या दोन प्रश्नांचा आहे. अजून उतरलेला नाही, म्हणून लिहितेय.

माझी माय अमळनेर तालुक्यातली. जन्मभर कापूस वेचला, ज्वारी कापली. वडील गेल्यापासून माझ्याकडे भुसावळला असते. भाऊ सुरतला. तपासण्यांचं फार लांबवत नाही. बी-12, थायरॉइड, साखर आणि मग डोक्याचा स्कॅन, हे डॉक्टरच सांगतात आणि ते सगळं नीट पार पडलं. मायचं बी-12 फारच कमी निघालं. त्या एका कमतरतेनेही माणूस विसराळू होऊ शकतो आणि तेवढ्यापुरता उपचार सोपा असतो, तेव्हा ‘म्हातारपण आहे, चालायचंच’ म्हणून रक्त तपासायचं टाळू नका. इंजेक्शनांनी मायच्या अंगात तरतरी आली, विसर मात्र तसाच राहिला. डॉक्टर म्हणाले, अल्झायमर.

अवघड वेळ संध्याकाळची. “माले घर जानं शे,” म्हणत ती चपला शोधायची आणि आपली नजर चुकली की निघायची. भुसावळ म्हणजे जंक्शन, आमच्या घरापासून रूळ हाकेच्या अंतरावर. एकदा ती फाटकापाशी सापडली. भावाने त्याच रात्री ऑनलाइन घड्याळ मागवलं. ते वेळेत आलंही.

आता सिम. मोबाइल कंपनीचं चकचकीत दुकान, काउंटरवर टाय लावलेला मुलगा. “घड्याळ कोण घालणार? आजी? मग सिम आजींच्याच नावावर होणार. नियम आहे.” मला पटलं नव्हतं, पण काउंटरपलीकडून ‘नियम’ हा शब्द आला की आपण वाद घालत नाही. 1 जानेवारी 2024 पासून सिमसाठी कागदी अर्ज बंद झालेत, सगळं त्यांच्या मोबाइलवर आणि मशीनवर होतं. म्हणजे मायला प्रत्यक्ष न्यायला हवं. रिक्षा केली.

अंगठा लागेना. ज्या हातांनी साठ वर्षं बोंडं वेचली त्यांच्या रेषा उरतील कशाला? एकेक बोट करून झालं. “मावशी, जोरात दाबा.” मायने त्या मुलाचाच हात जोरात दाबला आणि त्याला विचारलं, “जेवना का तू?” तो हसला, मशीन काही हसलं नाही. मग चेहऱ्याचा फोटो. जिवंत माणूस आहे हे कळावं म्हणून त्यात डोळ्यांची उघडझाप करावी लागते. मी मागून सांगितलं, “माय, डोया झाक.” तिने झाकले ते झाकलेच. देवापुढे उभी असल्यासारखे हातही जोडले. पुन्हा सांगितलं तर टक लावून बघत बसली. मुलाने थकून निकाल दिला, आधार अपडेट करून आणा.

आधार केंद्रावर टोकन, शाळेची पोरं, उकाडा. आमचा नंबर लागला तेव्हा ऑपरेटरने सहज विचारलं, “आजी, नाव काय?” मायने माहेरचं नाव सांगितलं. मी म्हटलं, हे लग्नाआधीचं. तिला पुन्हा विचारलं तेव्हा तिने बाही सरकवून हातावरचं गोंदण पुढे केलं. तिथे माझ्या वडिलांचं नाव आहे. “हा काय पुरावा आहे का?” असं म्हणून तो कागद शोधायला लागला. त्या क्षणी माझं डोकं फिरलं. ज्या आजारात माणसाच्या हातून स्वतःची ओळखच निसटत चाललेली असते, त्याच माणसाला आम्ही दारोदार नेऊन ‘तू कोण ते सिद्ध कर’ म्हणत होतो. तेही कशासाठी, तर ती हरवली तर आम्हाला सापडावी म्हणून.

पुन्हा दुकान. या वेळी टायवाला नव्हता, दुसरा होता, त्याचा नियम वेगळा. “ट्रॅकरला साधं सिम चालतच नाही, मॅडम. एमटूएम सिम लागतं. कंपनीचं लेटरहेड आणि जीएसटी नंबर आणा.” नंतर माहिती काढली तेव्हा समजलं, की असं सिम खरंच असतं. त्याचा नंबर तेरा आकडी असतो आणि ते वीजमीटर, कार्ड स्वाइप करायचं मशीन, ट्रकमधला ट्रॅकर अशा यंत्रांसाठी कंपन्यांना मिळतं. घरच्या घड्याळाशी त्याचा काही संबंध नाही. तेव्हा मात्र मी एवढंच म्हणाले, माझी माय कंपनी नाही. आणि घड्याळ घालणाऱ्याच्याच नावावर सिम हवं असं कुठे लिहिलंय ते दाखवा. दाखवल्याशिवाय मी उठणार नाही.

आवाज चढला तसे आतून मॅनेजर आले. ऐकून घेतलं आणि म्हणाले, “अहो, मग तुमच्याच नावावर घ्या की.”

झालं. माझा अंगठा पहिल्याच फटक्यात लागला. एका माणसाच्या नावावर नऊपर्यंत सिम असू शकतात. आपल्या नावावर किती आहेत ते ‘संचार साथी’च्या संकेतस्थळावर बघता येतं, आधी बघून जा. पण मुख्य गोष्ट हीच, की म्हाताऱ्या माणसाला दुकानात नेऊच नका. मुलगा, मुलगी, सून, जो कोणी रोज फोन उचलणार आहे त्याच्या नावावर सिम घ्या. हे एक वाक्य मला पहिल्या दिवशी कोणी सांगितलं असतं तर मायची ती वणवण वाचली असती.

सिम मिळालं, घड्याळात घातलं, तर नेटवर्क नाही. विकणाऱ्याचा फोन लागेना. भाऊ म्हणाला, परत पाठवून दे. मी नाही पाठवलं. चष्मा लावून खोक्यावरची मुंगीएवढी अक्षरं वाचली. ‘जीएसएम 900/1800’, बाकी काही नाही. म्हणजे घड्याळ टू-जीचं, आणि मी घेतलेलं सिम ज्या कंपनीचं, तिचं जाळं फक्त फोर-जी आणि फाइव्ह-जीचं! हे दुकानात तिघांपैकी एकाच्याही लक्षात आलं नव्हतं, घरात बसून माझ्या लक्षात आलं. भावाला हे मी अजून ऐकवते. मग ज्या कंपनीचं टू-जी अजून चालू आहे तिचं सिम घेतलं, अर्थात माझ्या नावावर. नवीन घड्याळ घेणार असाल तर फोर-जीचंच घ्या आणि त्यावरून कॉल लागतो का ते विचारून घ्या. टू-जी किती दिवस टिकेल याचा भरवसा नाही.

एक आणखी. सिम आधी आपल्या फोनमध्ये घालून कॉल, मेसेज आणि नेट चालतंय ना ते बघा, मगच घड्याळात टाका. आमचं बारकं सिम त्या खाचेत अडकून खराब झालं आणि बदलून घ्यावं लागलं. बदललेल्या सिमवर पहिले 24 तास मेसेज येत-जात नाहीत, फसवणूक टळावी म्हणून केलेली ती सोय आहे. आणि आमच्या घड्याळाला सगळ्या आज्ञा मेसेजनेच द्याव्या लागतात. मेसेज पाठवतोय, घड्याळ गप्प. ते बिघडलं असं समजून आम्ही अख्खा दिवस हळहळत काढला.

सुरू झालं त्या दिवशी नकाशावर माय तापीच्या पात्रात दिसली. माझ्या पोटात गोळा. धावत आत गेले तर ती स्वयंपाकघरात लसूण सोलत बसलेली. छताखाली उपग्रहाचा सिग्नल नीट पोचत नाही. मग घड्याळ जवळच्या मोबाइल टॉवरवरून अंदाज बांधतं आणि तो अंदाज कधी कधी किलोमीटरभर चुकतो. उघड्यावर आली की ठिपका बरोबर पडतो. घाबरून जाऊ नका, आधी घरात बघा.

आता या सगळ्या खटाटोपातून जे मिळालं ते. घराभोवती नकाशावर एक गोल आखता येतो. माणूस त्याबाहेर गेलं की आपला फोन वाजतो आणि प्रत्येक वेळेची नोंद राहते. त्या नोंदी मी ओळीने बघितल्या, तर मायचं निघणं जवळजवळ नेहमी पाच ते साडेसहाच्या दरम्यान. या आजारात संध्याकाळी घालमेल वाढते हे डॉक्टरांनी सांगितलंच होतं. पण त्यांनी वेळा बघून विचारलं, दुपारी किती वाजता जेवतात? साडेअकरा. मग थेट रात्री आठ. मध्ये अर्धा कप चहा. भूक, तहान, पोट साफ नसणं, हे अशा रुग्णांना सांगता येत नाही, ते उठून चालायला लागतात, असं डॉक्टर म्हणाले.

तेव्हापासून साडेचारला तिचं खाणं ठरलेलं. रावेरकडचं पिकलं केळ आणि दूध, नाहीतर शेंगदाण्याच्या कुटाचा मऊ लाडू. अख्खे दाणे देत नाही, घशात अडकतात. निघणं पूर्ण थांबलं असं म्हणणार नाही, पण आता आठवडे शांत जातात. घड्याळ नसतं तर ही वेळ माझ्या ध्यानात आली नसती.

खाण्याचं बोलतेच आहे तर सांगते. मायचं वजन 42 किलो. म्हाताऱ्या माणसाला किलोमागे 1 ते 1.2 ग्रॅम प्रथिनं हवीत, म्हणजे तिला रोज 42 ते 50 ग्रॅम. (मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हा आकडा डॉक्टरांकडूनच घ्यायचा.) ती माळकरी, अंड्याचं नाव काढायचं नाही. पेलाभर दुधातून सहा-सात ग्रॅम, मूठभर डाळीतून तेवढेच. जमवताना नाकी नऊ येतात. शेवटी उपयोगी पडले ते आपले फुणके. डाळ भरडून, मिरची कमी आणि कोथिंबीर जास्त घालून वाफवायचे आणि गरम कढीत बुडवून द्यायचे. दात नसले तरी जमतं, दह्याचं पोटात जातं आणि लहानपणची चव असल्यामुळे ती ताट सरकवत नाही. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी दुधात कुस्करून. बट्टी वरणात पार मोडून, वर तूप. भरीत मऊच असतं, फक्त मिरच्या मन घट्ट करून कमी करायच्या. शेवभाजी मागते, कधीमधी देते. या वयात तेवढंही नको म्हणणारे नातेवाईक असतात, त्यांना मी उत्तर देत नाही.

ताट बदला, हे राहिलंच. स्टीलच्या ताटात पांढरा भात आणि दही तिला दिसतच नसे, ती नुसती चकाकी बोटाने चाचपायची. बोस्टनमधल्या संशोधकांनी 2004 साली अल्झायमरच्या रुग्णांना लाल आणि निळ्या ठसठशीत रंगाच्या भांड्यांत जेवण देऊन बघितलं, तर खाणंपिणं वाढलं. रुग्ण नऊच होते, तेव्हा फार मोठा दावा करू नये. पण बाजारातून लाल ताटली आणायला असा किती खर्च? आमच्याकडे फरक पडला. पदार्थ एका वेळी एकच वाढते, चार वाट्या बघून ती गोंधळते. मे महिन्यात भुसावळ पंचेचाळीसला टेकतं आणि या वयात तहान कळत नाही. म्हणून फोनवर माझ्याच आवाजात रेकॉर्ड करून ठेवलंय, “माय, पानी पी ले.” मराठीत बोललेलं ती कानाआड करते, अहिराणीला उठते.

भाऊ सुरतेहून स्मरणशक्तीच्या पावडरी पाठवत असे. डॉक्टरांनी डबा बघून बाजूला ठेवला आणि म्हणाले, त्या पैशात दूध घ्या.

घड्याळ ती मनगटावर ठेवेना, हे तर सांगायचंच राहिलं. जन्मभर बांगड्या घातलेला हात, त्याला पट्टा सहन होईना. दातांनी तोडला. मग पट्टा काढून नुसती डबी तिच्या कमरेच्या बटव्यात शिवली. बटवा ती झोपेतही सोडत नाही. रात्री झोपली की हळूच चार्जिंगला लावायची. स्वस्तातले ब्लूटूथचे टॅग मिळतात, ते यासाठी घेऊ नका. जवळून कोणाचा तरी चालणारा फोन गेला तरच त्यांचा पत्ता लागतो, शेताच्या बांधावर कोण जाणार? दारावर मात्र लोहचुंबकाची घंटी नक्की लावा. दोन तुकडे वेगळे झाले की वाजते. सिम नाही, अंगठा नाही, लेटरहेड नाही.

वय 65 पूर्ण असेल आणि घरचं वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असेल, तर मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून एकदा 3000 रुपये मिळतात. त्या यादीत चष्मा, श्रवणयंत्र, वॉकर, कमोड खुर्ची आहे, घड्याळ नाही. तरी कानाचं यंत्र लागत असेल तर त्यातून घ्या. ऐकू न येणं हेही स्मृतिभ्रंशाच्या जोखमींत मोजतात. ज्येष्ठांसाठी 14567 हा मोफत नंबर आहे, योजनांची चौकशी तिथे करता येते.

आणि रिचार्ज. संपत आल्याचा मेसेज घड्याळातल्या सिमवर येतो, आपल्या फोनवर नाही. घड्याळ तो दाखवत नाही, ठिपका मात्र आहे तिथेच गोठून राहतो आणि आपल्याला वाटतं माणूस घरात आहे. आता भावाने सुरतेत बसून ते काम अंगावर घेतलंय. तारीख यायच्या दोन दिवस आधी मी त्याला फोन करते.