चिऊच्या नावाचे पैसे

सोमवार, रात्री उशिरा

आज ऑफिसात डबा खाताना नोटबंदीचा विषय निघाला, प्रत्येकाकडे एक किस्सा असतोच. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री ५०० आणि १००० च्या नोटा बंद झाल्या आणि कितीतरी घरांत तांदळाच्या डब्यातले, साड्यांच्या घडीतले पैसे पहिल्यांदा नवऱ्यांसमोर आले. आमच्याकडे पण. बाबांना हसू आवरेना, ते जाऊन सगळे जॉइंट अकाउंटला भरून आले, एक रुपया बुडाला नाही. तरी आई कितीतरी दिवस नाराज. तेव्हा मला कळेना की अगं पैसे तर आहेत ना, मग झालं काय? झालं असं की डब्यात होते तोवर ते तिचे होते, बँकेत गेले आणि घराचे झाले, आणि पुढच्या उन्हाळ्यात त्यांचा फ्रिज आला.

रिचर्ड थेलर म्हणून अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ आहेत, २०१७ चं नोबेल मिळालं त्यांना, ते याला मेंटल अकाउंटिंग म्हणतात. रुपया सगळा सारखाच, पण आपण मनात त्याचे कप्पे पाडतो, पगार जपून वापरायचा, बोनस उडवायचा, आणि टॅक्स रिफंड आला की लॉटरी लागल्यासारखं हॉटेलात जायचं, जे की आपलेच जास्तीचे कापलेले पैसे परत आलेले असतात 😄

बऱ्याच लेखांमध्ये हे सगळं माणसाची चूक म्हणून सांगतात, ते मला पटत नाही. वहिनीची भिशी घ्या. बारा जणी, महिन्याला दोन हजार, चिठ्ठी निघेल तिला चोवीस हजार. व्याज शून्य, आणि शेवटी नंबर लागणारीने आरडी केली असती तर चार पैसे जास्त मिळाले असते. पण आरडीचा हप्ता चुकला तर बँकेचा मेसेज येतो फक्त, भिशीचा चुकला तर अकरा जणी जिन्यात विचारतात. लाजेपोटी जेवढी बचत होते तेवढी व्याजाच्या आशेने होत नाही, माझं तरी हेच मत आहे.

पण कप्पे अंगाशी येतात ते दादासारख्या केसमध्ये. संध्याकाळी त्याच्याकडे गेले तर कळलं क्रेडिट कार्डाचे ऐंशी हजार थकलेत, दर महिन्याला नुसता मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातली कमीत कमी भरायची रक्कम, भरतोय, आणि तिकडे चिऊच्या शिक्षणासाठी म्हणून त्याच्याच नावावर दोन लाखांची एफडी पडून. कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाचं चाळीसच्या वर, एफडीवर मिळतात सहा-सात. मोड म्हटलं तर म्हणे, "ते चिऊचे आहेत गं, त्याला हात लावायचा नाही." आणि वहिनी पण त्याच्याच बाजूने!

कानेमन आणि ट्वर्स्की या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच मांडलंय की मिळाल्याच्या आनंदापेक्षा तेवढंच गमावल्याचं दुःख जास्त टोचतं. एफडी मोडली की गमावलं असं डोळ्यांना दिसतं, कार्डाचं व्याज मात्र बिलाच्या बारीक अक्षरात गुपचूप जात राहतं, त्याचं कोणाला काही वाटत नाही.

मग म्हटलं बापाशी टक्केवारी बोलून उपयोग नाही, कप्पा तसाच ठेवून काहीतरी बघू. टॅक्स सेव्हरवाली, म्हणजे कर वाचवायला ठेवलेली, नसेल तर एफडीवर कर्ज मिळतं, साधारण एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त लागतात, त्यातून कार्ड एकदाचं साफ करायचं आणि दर महिन्याला कर्ज फेडायचं.

"म्हणजे एफडी मोडायची नाही?"

"नाही."

वहिनी म्हणाली मग त्याच बँकेत आहे माझं पण खातं, उद्या मीच विचारून येते, याच्या भरवशावर राहिलं तर दिवाळी येईल.