अंगठे आणि कळमन्याचे काका

आमच्या बिलिंग ॲपच्या ट्रॅकरवर, म्हणजे तक्रारी-मागण्यांच्या ऑनलाइन यादीत, सगळ्यात लाडका इश्यू (तिथली एक नोंद) म्हणजे डार्क मोड, काळ्या पार्श्वभूमीची स्क्रीन. ॲप फुकट, कोड खुला, आणि सांभाळणारे आम्ही तिघं, नागपुरातच, आपापल्या नोकऱ्या करून. त्या इश्यूवर अंगठ्यांची, म्हणजे 'मलाही हवं' म्हणणाऱ्या मतांची, रांग लागली आहे. बऱ्याच खाली दुसरा एक इश्यू होता, त्यावर एकच अंगठा: जुन्या फाइलमधून मालाची यादी आणली की 'शेतकर्‍यांसाठी'चं 'शेतकर्यांसाठी' होतं. मी आधी हा खालचा घेतला. मग काय, 'लोकांचं ऐकत नाही' हे ऐकावं लागलं.

त्यात झालं होतं असं. जुन्या पद्धतीने टाइप केलेल्या अशा शब्दात र् आणि य यांच्या मधोमध एक न दिसणारं चिन्ह असतं, झिरो विड्थ जॉइनर. ते आहे म्हणून र आडवा राहतो, नाहीतर रफार होऊन डोक्यावर चढतो. आम्ही वापरतो ती आयातीची लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड, अशी अदृश्य चिन्हं कचरा समजून झाडून टाकते. इंग्रजीत बिल करणाऱ्याला याचा पत्ताही लागत नाही, हिंदीवाल्याला हा आडवा र लागतच नाही. मग मत देणार कोण?

तक्रार आली होती इथल्याच कळमन्याहून. बियाण्यांचं दुकान असलेल्या एका काकांनी व्हॉट्सॲपवर बिलाचा फोटो धाडला, "ताई, हे असं काहून छापून राहिलं?" गिटहबवर, म्हणजे आमचा कोड आणि हा ट्रॅकर जिथे आहे त्या साइटवर, त्यांचं खातं नाही, असायचं कारणही नाही. त्यांच्या वतीने इश्यू मीच लिहिला. तो एकुलता अंगठा आमच्याच टीममधल्याचा, तोही माझ्या आग्रहाखातर.

मतांशी माझं वैर नाही. 2016 च्या सुरुवातीला बऱ्याच मेंटेनरांनी, म्हणजे खुला कोड सांभाळणाऱ्यांनी, गिटहबला उघडं पत्र लिहिलं, त्यात एक गाऱ्हाणं 'प्लस वन' (मलाही हवं) एवढंच लिहिलेल्या कमेंटींचं होतं. मार्चमध्ये रिॲक्शन, म्हणजे हे अंगठे वगैरे, आल्या आणि मेलबॉक्स मोकळा झाला. व्हीएस कोड या मायक्रोसॉफ्टच्या कोड लिहायच्या एडिटरवाले तर नव्या फीचरच्या मागणीला 60 दिवस देतात. 20 मतं पडली तर बॅकलॉगमध्ये (पुढे करायच्या कामांच्या यादीत), नाहीतर इश्यू बंद. त्यांच्याकडे मागण्यांचा पूर येतो, त्यांना ते परवडतं. आमच्याकडे हा नियम लावला असता तर काकांची तक्रार दोन महिन्यांत न सोडवताच बंद झाली असती.

मला बगझिला या जुन्या ट्रॅकरची रीत जास्त पटते. तिथे प्रत्येकाच्या वाट्याला मोजकीच मतं ठेवता येतात, म्हणजे इथे द्यायचं तर तिथलं काढून घ्यावं लागतं. गिटहबचा अंगठा फुकटचा. जाता जाता दाबला, झालं.

हल्ली मी इश्यूच्या साच्यात एक प्रश्न टाकला आहे: यामुळे तुमचं कोणतं काम अडलं? डार्क मोडवाल्यांपैकी बहुतेकांनी उत्तर दिलं नाही. एकाने मात्र लिहिलं की त्याच्या वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, पांढरी स्क्रीन डोळ्यांना सोसत नाही, आणि रात्रीचा हिशेब तेच बसवतात. तो एक कमेंट वाचून डार्क मोड पुढच्या आवृत्तीत घेतला. आयातीची दुरुस्ती आम्ही त्या लायब्ररीकडेही पाठवली आहे. तिथे अजून कोणी पाहिलेली नाही, म्हणून सध्या आमच्याच कोडमध्ये ठिगळ लावून ठेवलंय.