होता!

हार्ड डिस्क भरली म्हणून परवा दुपारी जुने फोटो निवडायला बसलो. हललेले, काळवंडलेले, पक्षी सोडून मागच्या पानावर फोकस गेलेले असे सगळे पटापट उडवले. त्यांचं काही वाटलं नाही. हात अडखळायला लागला तो रिकाम्या फांद्यांपाशी.

माझ्याकडे इतक्या रिकाम्या फांद्या असतील याची मलाच कल्पना नव्हती. खंड्या नुकताच उडालेली फांदी. हळद्या नुकताच उडालेली फांदी. एका फोटोत धोब्याचं शेपूट कोपऱ्यात आणि बाकी सगळा चिखल. सेकंदाला दहा-दहा फोटो काढणारा कॅमेरा असूनही पक्षी नेमका दोन फोटोंच्या फटीतून निसटतो, हे त्याला जमतं कसं कोण जाणे. बायको मागून डोकावली.

"यात काय आहे?"

"होता," मी म्हणालो.

हे उत्तर मी पहिल्यांदा दिलं ते नवव्या वर्षी. मामाच्या कॅमेऱ्यात 36 फोटोंचा रोल असायचा. त्यातले 35 माणसांसाठी, ओळीनं उभं राहून, डोळे न मिटता. उरलेला एक मामानं मला दिला. आमच्या भिंतीवरच्या आरशाशी एक चिमणा रोज सकाळी भांडायला यायचा. गळ्याखाली काळा डाग, छाती फुगवलेली. आरशातल्या त्या दुसऱ्या निर्लज्ज चिमण्याला चोची मारमारून दमायचा, पण माघार नाही. मी स्टुलावर चढलो, श्वास धरला. मामा मागून "दाब, दाब" करत होता. मी दाबलं. फ्लॅश उडाला, चिमणाही उडाला.

रोल धुऊन यायला पंधरा दिवस लागले. फोटोत आरसा होता, आरशात फ्लॅशचा पांढरा गोळा आणि गोळ्याखाली माझी चड्डी. पुढे कितीतरी वर्षं, पाकीट उघडून फोटो दाखवता दाखवता तो आला की मामा थांबायचा. "काय रे, यातला चिमणा कुठाय?" मी म्हणायचो, "होता." अख्खं घर हसायचं.

तेव्हापासून आजवर थोडीफार अक्कल आली आहे. पक्षी उडायच्या आधी बऱ्याचदा जरा पुढे झुकतो आणि शिटतो, हे आम्हा मंडळींचं गुपित. तो शिटला की बोट दाबायचं. चारचौघांत सांगण्यासारखं हे ज्ञान नाही, पण माझे उडत्या पक्ष्यांचे जे चार बरे फोटो आहेत ते याच ज्ञानावर. दुसरं असं की वेडा राघू आणि कोतवाल किडा पकडायला उडतात आणि पुष्कळदा त्याच फांदीवर परत येतात. म्हणजे रिकाम्या फांदीचा फोटो हा वाया गेलेला फोटो नव्हेच, तो पत्ता आहे. मी हे बायकोला समजावून सांगितलं. तिनं फोटोवरची तारीख बघितली. अकरा वर्षांपूर्वीची होती.

काही लोक एवढीही वाट बघत नाहीत. मोबाइलवर त्याच जातीच्या पक्ष्याचं गाणं लावतात. आपल्या हद्दीत कुणी परका घुसला असं वाटून बिचारा धावत येतो, उघड्यावर बसून ओरडतो, आणि यांचं काम होतं. आमचा चिमणा निदान आपल्या हौसेनं आरशाकडे यायचा. हे तर आरसा घेऊन त्याच्या दारात जातात. अशा माणसांशी मी बोलत नाही. मला फार शहाणपण चढतं त्या वेळी, हे कबूल.

खरं तर या छंदात शहाणे थोडेच. रिचर्ड आणि चेरी कीर्टन हे दोघे इंग्रज भाऊ. 1892 साली त्यांनी घरट्यातल्या अंड्यांचा फोटो काढला, तो तसा पहिलाच मानतात. पुढे पक्ष्यांना संशय येऊ नये म्हणून हे लोक बैलाच्या पोकळ सांगाड्यात, कातड्याच्या आत, कॅमेरा घेऊन बसायचे. उकाडा, वास, कशाची पर्वा नाही. एरिक हॉस्किंगचं तर ऐकूनच अंगावर काटा येतो. 1937 साली घुबडाच्या घरट्याजवळच्या आपल्या आडोशाकडे तो रात्री गेला, आणि घुबडानं झडप घातली. डावा डोळा गेला. त्यानंतरही तो जन्मभर पक्ष्यांचेच फोटो काढत राहिला, घुबडांचेसुद्धा.

बुलबुलाला तशी नखं नसतात.

हे फोल्डर बरंच खाली होतं. कुंपणातल्या झुडपात, हाताला येईल अशा उंचीवर बुलबुलाचं घरटं, त्यात गुलाबीसर, तांबूस ठिपक्यांची तीन अंडी. पहिल्या सात-आठ फोटोंत पानांच्या सावल्या पडल्या आहेत, सगळं मळकट. नवव्यात पानं नाहीत. ती मी खुडली होती, नखानं, अगदी हलक्या हातानं, घरट्याला धक्का लागू न देता. त्याचा मला अभिमानही वाटला होता. नववा फोटो सुंदर आहे. ऊन थेट अंड्यांवर पडलंय. एका फोटोत वरच्या फांदीवर बुलबुल आहे, फोकसच्या बाहेर, चोच उघडी. ओरडत होता. मी तिकडे कॅमेरा वळवला नव्हता.

शेवटचा फोटो दुसऱ्या दिवशी सकाळचा. तेच घरटं, तेच ऊन. आत काही नाही. कावळा असेल, आणखी कुणी असेल.

बायको परत डोकावली. "हाही उडाला का?"

"हो," मी म्हणालो.