गळतीवाले वरचे

परवा दुपारी खालच्या मजल्यावरच्या काकू दारात. "जरा माझ्या फोनवर रिंग दे रे, कुठे ठेवलाय सापडतच नाहीये." रिंग देत देत दोघं खाली गेलो. सोफ्याच्या फटीत गुरगुरणारा फोन मीच ओढून काढला. स्क्रीनवर माझं नाव नव्हतं. होतं ते असं : 'गळतीवाले वरचे'.

आमच्या मोरीची गळती काढून चार वर्षं झाली. लाद्या फोडल्या, पाइप बदलले, काकूंच्या छताला रंगही मीच दिला. तरी त्यांच्या फोनमध्ये आम्ही अजून ठिबकतोय! मी वाचलं, ते काकूंनी पाहिलं. "बस ना जरा," म्हणाल्या. बसलो नाही.

लहानपणी फोन घराचा असायचा. उचलला की पलीकडून "कोण बोलतंय?" मग आपली ओळख आपणच द्यायची, अमक्यांचा धाकटा म्हणून. फोनशेजारी नंबरांची वही आणि वहीला दोऱ्याने बांधलेली पेन्सिल. वडील नंबर पेनाने कधीच लिहीत नसत. माणसं घरं बदलतात, म्हणायचे. खोडून खोडून 'स'चं पान इतकं विरलं होतं की त्यातून 'ह'मधली माणसं दिसायची.

3 एप्रिल 1973 ला मोटोरोला कंपनीतल्या मार्टिन कूपरने न्यूयॉर्कच्या रस्त्यावर उभं राहून हातातल्या मोबाइलवरून पहिला फोन लावला, तोही प्रतिस्पर्धी कंपनीतल्या इंजिनिअरला. (खिजवायलाच, दुसरं काय.) नंबर जागेचा नको, माणसाचा हवा, असं त्याचं म्हणणं. झालं तसं. "कोण बोलतंय?" गेलं, "कुठे आहेस?" आलं. आपण कोण ते आता आपण तोंड उघडायच्या आत पलीकडच्या स्क्रीनवर उमटलेलं असतं, फक्त आपल्याला दिसत नाही. प्रोफाइलचा फोटो मी दहा वेळा बदलतो, प्रकाश कुठून येतोय ते बघून काढतो. त्याच्याशेजारी नाव काय लागायचं ते मात्र काकू ठरवणार.

जुन्या सिमकार्डात साधारण 250 नावं मावायची, तीही आखूड. ती काटकसर माझ्या बोटांतून अजून गेलेली नाही. माझ्या यादीत 'सुतार 2' आहे, 'नको उचलू' आहे, 'नको उचलू नवीन'ही आहे. यातल्या पहिल्या 'नको उचलू'शी केव्हाच दिलजमाई झाली. हल्ली आठवड्यातून दोनदा मीच त्याला फोन करतो. नाव बदलायचं राहिलंय.

घरी येऊन काकूंचं नाव काढलं. 'खालच्या कटकट'. लाज वाटली, लगेच बदलायला घेतलं, आणि बोट तिथंच थांबलं. काकूंचं नाव काय, हे मला माहीतच नाही.

तशीच यादी वर सरकवत गेलो, तर 'आत्या'. आत्याला जाऊन तीन वर्षं होतील. बंद पडलेला नंबर कंपनी काही काळाने दुसऱ्या कुणाला तरी देते. आत्याच्या नावापुढे सध्या एक अनोळखी पोरगा सायकलवर बसलेला असतो. मागच्या वेळी बघितला तेव्हा त्याचे पुढचे दोन दात पडलेले होते. आता एक अर्धा आलाय.